शंभर मेंढ्या एकदम घेऊ का?

मागच्या अंकात शेळीच्या खाद्यावर लिहिलं आणि या महिन्यात टपाल आलं ते बहुतेक मेंढीचं. बरंच वाटलं. शेळीला सल्लागार पुष्कळ, मेंढीला धनगर सोडून कुणी विचारत नाही. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच की पशुसंवर्धन खात्यात दौंड, शिरूर, पुरंदर असं फिरत जनावरांची डॉक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर वाल्ह्याच्या अलीकडे आमच्या माळावर मेंढ्या पाळायला घेतल्या. आज बासष्ट आहेत. म्हणजे खाली जे सांगते आहे त्यातलं अर्धं शिकलेलं आहे आणि अर्धं पैसे भरून कळलेलं.

प्रश्न : मी कंपनीत नोकरी करतो. पाबळजवळ वडिलोपार्जित चार एकर आहे, एक बोअर आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० मेंढ्या आणि ५ मेंढे यांचा प्रकल्प करायचा विचार आहे. एका ओळखीच्यांनी प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिला आहे. त्यात पहिल्याच वर्षी २०० कोकरं दाखवली आहेत. शनिवार-रविवार मी स्वतः जाईन, बाकी दिवस गडी ठेवीन. जमेल का? — एक वाचक, हडपसर

तो रिपोर्ट ज्यांनी केला त्यांना एकदा विचारा, मेंढी किती महिने गाभण राहते? साधारण १४७ ते १५० दिवस, म्हणजे पाच महिने. त्यानंतर कोकरू पाजायचं, अंग भरायचं, पुन्हा माजावर यायचं. खाणंपिणं उत्तम ठेवलं तरी दोन वेतांत आठ महिन्यांचं अंतर पडतंच आणि आपल्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं. शंभर मेंढ्यांमागे वर्षाला पंचाहत्तर-ऐंशी कोकरं तीन महिन्यांची होऊन हिंडताना दिसली तर मी तुमच्या पाठीवर थाप मारीन. दोनशे कागदावरच व्यायची.

आता चारा मोजा. तीस किलोच्या मेंढीला दिवसाला तीनेक किलो हिरवा आणि अर्धा-पाऊण किलो वाळला चारा लागतो. शंभरांना रोज तीनशे किलो हिरवा, म्हणजे वर्षाला शंभर टनांच्या वर. पाबळचा बोअर मार्चात काय करतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मेंढी बांधून, सगळं विकत आणून पोसली तर ती तुम्हालाच खाते. तिचं खरं गणित चराईचं आहे. कांदा-बाजरी निघालेली रानं, बांधावरची हरळी, बाभळीच्या शेंगा, आणि संध्याकाळी गव्हाणीत तुरीचं भुसकट. चार एकरांतला एक एकर शेवरी, दशरथ घास आणि लसूण घासाला दिलात तर तो व्यायला आलेल्या मेंढ्यांपुरता आणि कोकरांपुरता धरा. सगळ्या कळपाला तो पुरणार नाही.

अनुदानाबद्दल. या योजनेत भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान आहे, १०० अधिक ५ च्या गटाला १० लाखांपर्यंत, आणि ते दोन हप्त्यांत येतं. योजना चांगली आहे. पण तिचा सगळ्यात लहान गटच शंभरचा आहे, आणि तुम्ही आजवर एकही मेंढी व्यायलेली पाहिलेली नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. सरकारचा आकडा तो आपला आकडा असं थोडंच आहे! (भटक्या जमाती-क मधल्या वाचकांसाठी २० मेंढ्या आणि १ मेंढा अशी ७५ टक्के अनुदानाची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. तिची चौकशी गोखलेनगरला मेंढी व शेळी विकास महामंडळात करावी.)

माझं ऐकाल तर वीस घ्या. वीस मेंढ्या, एक मेंढा. आणि कुठून घ्याल ते सांगते, कारण तिथंच मी आपटले होते.

निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी, जन्मभर इतरांना शहाणपण सांगितलेल्या मी, एका आठवडे बाजारात एका दिवसात तीस मेंढ्या घेतल्या. पाच-सहा जणांच्या. टेंपोत भरल्या आणि सरळ वाड्यात सोडल्या. अकराव्या दिवशी एकीचं नाक वाहायला लागलं, तोंडात फोड, मग हगवण. पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. नऊ गेल्या. लस माझ्या फ्रीजमध्ये होती. प्रवासाने दमल्यात, चार दिवस जाऊ देत, मग टोचू, असं म्हणत राहिले होते. कुणा शेतकऱ्याने असं केलं असतं तर त्याला मी काय काय बोलले असते!

तेव्हापासून बाजारातून मेंढी घेत नाही. धनगराच्या एकाच वाड्यातून (कळप आणि बिऱ्हाड मिळून वाडा) घेते, तीही तिथं दोन-तीनदा जाऊन आल्यावर. दिवाळीनंतर वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात, त्याआधी काही मेंढ्या विकायला काढतात. तेव्हा जा. दात बघा : दोन दाती किंवा चार दाती असावी, म्हणजे सव्वा ते अडीच वर्षांची. आठही जुळून झिजायला लागलेले असतील तर ती म्हातारी तुमच्या गळ्यात मारताहेत. कास हाताने चाचपा, गाठ नको, दोन्ही सडं चालू हवीत. डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. लालसर असावी. पांढरीफटक असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. चारही पाय उचलून खूर बघा. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या ठिकाणी. एकट्या त्याच असल्या तरी शेजाऱ्याच्या शेळ्यांपासून लांब. त्या मुदतीत जंतनाशक, पीपीआरची लस (एकदा टोचली की तीन वर्षं बघावं लागत नाही), कानात बिल्ला, विम्याचे कागद.

मग वाढवायचं कसं? घरच्याच माद्या राखून. वीस मेंढ्यांना समजा अठरा कोकरं झाली, दोन गेली, सोळा राहिली. त्यात आठ माद्या. एक उणीपुरी असते, ती विकायची, सात ठेवायच्या. आणि वर्षाला मोठ्यांतल्या तीन-चार काढायच्या. वीसच्या तेवीस होतात, तेवीसच्या सव्वीस-सत्तावीस. दुप्पट व्हायला पाच-सहा वर्षं. हे सांगितलं की माणसं हिरमुसतात. पण त्या चाळीस मेंढ्या तुमच्या रानाच्या, तुमच्या पाण्याच्या, तुमचा आवाज ओळखणाऱ्या असतात, आणि कुठली चांगली ते तुम्हाला माहीत असतं.

ते माहीत व्हायला वही लागते. माझ्या वहीत बिल्ल्याचा नंबर, व्यायल्याची तारीख, कोकराचं जन्माचं वजन आणि तीन महिन्यांचं वजन, एवढंच असतं. तीन महिन्यांचं वजन म्हणजे आईचं दूध. जन्माला आलेलं कोकरू मोजू नका, वाढवलेलं मोजा. माझी १७ नंबरची मेंढी दिसायला अगदी गबाळी, एक कान फाटलेला, कुणी फुकट नेली नसती. सात वेतांत सात कोकरं वाढवली तिने. आज कळपातल्या बऱ्याच जणी तिच्या लेकी-नाती आहेत. आणि जी दोन वर्षं लागोपाठ भाकड राहिली, किंवा कोकरू टाकून चरायला जाते, ती कितीही देखणी असली तरी आखाडात जाते.

आमच्या रानात दरवर्षी वाघर (जाळ्याचं कुंपण) लावून मेंढरं बसवणारे एक म्हातारे धनगर आहेत. दोनशे मेंढ्यांची आई-लेक त्यांना तोंड बघून सांगता येते. माझी वही बघून म्हणाले, "बाई, यंदा वहीला किती कोकरं झाली?" त्यांना वही लागत नाही हे खरं. तुम्हाला आणि मला लागते.

आखाडाचं म्हणाले ते विक्रीचं मुख्य सूत्र आहे. पुण्यात मटणाच्या दुकानापुढे रांग लागते ती आषाढात. श्रावणात, नवरात्रात भाव बसतो, मार्गशीर्षातल्या गुरुवारांनी महिनाच अर्धा होतो. पहिल्या पावसानंतर जूनच्या मध्यावर मेंढा लावला की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून कोकरं येतात, तेव्हा रानात खायला असतं, आणि पुढच्या आखाडात ती सात-आठ महिन्यांची भरलेली असतात. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. नर राखायचे असतील तर कॅलेंडर बघून राखा. चाकणच्या शनिवारच्या बाजारात नेण्याआधी घरी काट्यावर वजन करा. नजरेने ठरवलेला भाव नेहमी घेणाऱ्याच्या नजरेचा असतो. आजचा भाव इथं लिहीत नाही, अंक तुमच्या हातात पडेतो बदललेला असेल.

राहिला गडी. शनिवार-रविवारचा मालक आणि आठवडाभराचा गडी यात मेंढी टिकत नाही. ती रात्री व्यायते, आणि चीक पहिल्या तासाभरात पोटात गेला नाही तर कोकरू थंडीत आखडतं. शिवाय शिरूरच्या बाजूला बिबट्या आहे, वरून आणि चारी बाजूंनी जाळी असलेला निवारा हवाच. घरातलं कुणी तिथं राहणार असेल, आई-वडील, भाऊ, तर त्यांच्या नावाने वीस घ्या. नसेल तर चार एकरांत सीताफळ लावा, आणि मला शिव्या द्या.

प्रश्न : मुळशीत आमचं फार्महाऊस आहे. पावसाळ्यात सगळीकडे गुडघाभर गवत असतं, ते वाया जातं. दहा-पंधरा मेंढ्या सोडल्या तर? — कोथरूड

नका. दख्खनी मेंढी कोरड्या माळाची आहे. मुळशीच्या पावसात लोकर दिवसेंदिवस वाळत नाही, खुरं सडतात, आणि त्या ओल्या गवतातून पोटात जंत इतके जातात की औषध पाजून हात दुखतील. धनगर कोकणात आणि घाटाखाली हिवाळ्यात जातात आणि पाऊस लागायच्या आत माळावर परततात, ते काही हौसेने नाही. गवत कापून वाळवा आणि विका, घेणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या सासूबाईंच्या ३५ मेंढ्या आहेत, आता मी बघते. पहिला पाऊस पडून रान हिरवं झालं की दरवर्षी तीन-चार कोकरं पटापट जातात. संध्याकाळी चांगली असतात, सकाळी मेलेली. आणि जातात ती नेमकी सगळ्यात गुबगुबीत. सासूबाई म्हणतात दृष्ट लागते. — दौंड तालुका

सासूबाईंनी जे पाहिलंय ते अगदी बरोबर पाहिलंय, मुली. गुबगुबीतच जातं. याला आंत्रविषार म्हणतात. याचे जंतू मेंढीच्या आतड्यात एरवीही असतात, गप्प पडून. उन्हाळाभर वाळलं खाल्लेल्या पोटात एकदम कोवळं, लुसलुशीत गवत पडलं, किंवा कोकराला दाणा जास्त झाला, की ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. जे कोकरू सगळ्यात जास्त खातं, जास्त दूध पितं, त्याच्याच पोटात विष जास्त. कधी चक्कर येऊन पडतं, मान मागे टाकतं, पाय झाडतं. पुष्कळदा तेवढाही वेळ मिळत नाही. औषधाला हा रोग थांबत नाही, म्हणून लसच हवी.

लस मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी. ज्यांना पूर्वी कधी टोचली नाही त्यांना दोनदा, मधे दोन-तीन आठवडे सोडून, नंतर दरवर्षी एकदा. गाभण मेंढीला व्यायच्या महिनाभर आधी टोचली तर चिकातून कोकराला पहिले काही आठवडे संरक्षण मिळतं. आपल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थेत अशा लसी तयार होतात. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एप्रिलमध्येच सांगून ठेवा की इतक्या मात्रा लागतील. बाटली आणताना बर्फात आणा, मोटारसायकलच्या डिकीत नको. डिकीत तापलेली लस आणि पाणी सारखंच.

आणि पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस सकाळी रिकाम्या पोटी सोडू नका. आधी गव्हाणीत थोडं भुसकट किंवा कडबा खाऊ दे, दव वाळू दे, मग रान. पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत न्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. माझ्या नोकरीत मी तो पुष्कळ घातला, एकही जिंकले नाही. त्यांना मीठ-मोहऱ्या ओवाळू दे, तुम्ही लस टोचा.

प्रश्न : माडग्याळ जातीचा मेंढा घेऊन आमच्या दख्खनी मेंढ्यांवर सोडावा असं वाटतं. लाखांच्या बोलीच्या बातम्या वाचतो. एवढी किंमत द्यावी का? मित्र म्हणतो त्यापेक्षा फलटणचा जुळ्याचा मेंढा आण. — इंदापूर

माडग्याळ म्हणजे जत तालुक्यातली उंच, पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्यावर तांबूस ठिपके. अंगाने दख्खनीपेक्षा मोठी, कोकरं भराभर वाढतात, लोकर अगदी थोडी. तुमच्या कोरड्या रानाला चालेल. पण बातम्यांतला मेंढा हा हौसेचा बाजार आहे. लोक तिथं नाक आणि रुबाब विकत घेतात. कसायाच्या तराजूवर नाकाला वेगळा भाव नाही. तुम्हाला हवा साधा, चांगल्या आईचा, दीड-दोन वर्षांचा मेंढा. त्याची आई बघायला मागा. आई दाखवत नसतील तर निघा.

मित्र म्हणतो तोही वेडा नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतलं जुळ्याचं जनुक आपल्या दख्खनीत आणलं. ती 'नारी सुवर्णा'. गरोळ बिचारी शेळीच्या करडाएवढी, पण जुळी-तिळी देते. ते एकच जनुक आहे, म्हणून पुढच्या पिढीत नेता येतं. ज्या मेंढ्याकडे त्याच्या दोन्ही प्रती आहेत त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. म्हणजे जुळी लगेच नाही, त्याच्या लेकी व्यायला लागल्या की दिसतील. घेताना रक्ततपासणीचा दाखला मागा. नुसत्या डोळ्यांना हे जनुक दिसत नाही आणि त्याच नावाने काहीही विकलं जातं.

पण घरात एक प्रश्न आधी सोडवा : जुळ्याला दूध कुठून येणार? गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पाव किलो भरडा, बरं वाळलं खाद्य दिलंत तर जुळं सुखाचं. नाहीतर आई व्यायच्या आधीच आडवी पडते. इंदापूरच्या माळावर नुसत्या चराईवर राहणाऱ्या कळपाला एक दणकट कोकरू दोन रोडक्यांपेक्षा बरं. भरडा देणार असाल तर फलटण, नाहीतर माडग्याळ. आणि कुठलाही घेतलात तरी दोन वर्षांनी बदला, त्याच्या लेकी त्याच्याकडे जाता कामा नयेत.

मेंढा काम करतो की नाही हे ओळखायची माझी युक्ती सांगते, बिनपैशाची. गेरू तेलात कालवून मेंढ्याच्या छातीला फासते, दर दोन-तीन दिवसांनी. ज्या मेंढीवर चढला तिच्या पाठीमागे तांबडा शिक्का. मेंढीचा माज १७ दिवसांनी फिरतो, म्हणून सतराव्या दिवशी गेरू पुसून निळीचा लेप. तांबडा शिक्का असलेली पुन्हा निळी झाली तर ती लागली नव्हती. एका वर्षी बघते तर सगळा कळप निळा! मेंढा दिसायला पहिलवान, पण रिकामा. महिना-सव्वा महिन्यात कळलं म्हणून दुसरा आणला. नाहीतर नोव्हेंबरात कोकरांची वाट बघत बसले असते. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो, आणि लावायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढ्यांना पाव किलो दाणा सुरू करा.

जाता जाता, मोठ्या जनावरांचं खनिज मिश्रण उरलंय म्हणून मेंढ्यांना घालू नका. त्यात तांबं असतं आणि मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस लघवी काळपट होऊन जनावर पडतं. खुरांसाठी मोरचुदाचं (त्यातही तांबंच) पाणी करता, त्यातलंही ती पिणार नाही असं बघा. मी झिंक सल्फेट वापरते.

प्रश्न : लोकर कातरून घरात चार पोती पडली आहे. कुणी घेत नाही. काय करू? — सासवड

आपल्या मेंढीची लोकर जाडीभरडी, तिचे पैसे कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाहीत. कातरायला मात्र लागतेच, वर्षातून दोनदा, नाहीतर गोचीड आणि उवा. माझी अंजिराच्या आळ्यांत जाते. मातीवर पसरून वर थोडा पालापाचोळा टाकते. ओल धरून ठेवते आणि हळूहळू कुजते. चांगली काळी लोकर तेवढी बाजूला काढा. घोंगडी विणणारे अजून कुठं कुठं आहेत, मापाची लोकर दिली की मजुरीवर विणून देतात. माझ्याकडची अशी विणून घेतलेली आहे. नवी असताना इतकी टोचायची की नातू अंगावर घेईना. आता तीच मागून घेतो.